काठ सगळ्यांचा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिनेसोटातली तळी गोठलेलीच असतात. बर्फाला भोकं पाडून मासे धरणारे लोक आपापली खोपटी आवरायच्या तयारीत असतात आणि रस्त्याकडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग असतात. त्याच आठवड्यात, सकाळी आठच्या सुमारास, इडन प्रेरी, प्लिमथ, वुडबरी, ईगन या मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या उपनगरांतल्या मराठी घरांत कोणीतरी लॅपटॉप उघडून बसलेलं असतं. चार जुलैच्या सुट्टीसाठी तंबूची जागा मिळवायची असते. राज्याच्या उद्यानांतली जागा १२० दिवस आधीपासून राखता येते, त्यामुळे भर उन्हाळ्यातल्या त्या रात्रींसाठी हिवाळ्यातच धावाधाव करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर निरोप फिरत असतात. पाण्याजवळची बघा. शेजारीशेजारी मिळाल्या तर उत्तम. संडास फार जवळ नको आणि फार लांबही नको, यंदा आई-बाबा आलेले असतील.

एवढं करून मिळतं काय? आकडा लिहिलेला एक खांब, गाडीपुरता खडीचा पट्टा, तंबूसाठी सपाट केलेली जमीन, बाक जोडलेलं एक जाडजूड टेबल आणि शेकोटीसाठी जमिनीत बसवलेलं लोखंडी कडं. चालत जाण्याच्या अंतरावर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि अंघोळीची सोय. भाडं रात्रीला साधारण २५ डॉलरच्या आगेमागे. गाडीला दिवसाचा नाहीतर वर्षाचा परवाना घ्यावा लागतो, आणि वर्षाच्या परवान्यावर राज्यातल्या कोणत्याही स्टेट पार्कात जाता येतं. काही सार्वजनिक ग्रंथालयांतून तर हा परवाना पुस्तकासारखा आठवड्यासाठी घरी नेता येतो.

आणि समोर तळं. ते सर्वांत महत्त्वाचं. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत, तरी काठ सहजासहजी मिळत नाही. पाणी सार्वजनिक असलं तरी पाण्यापर्यंत जाणारी वाट बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी अंगणातून जाते. जुन्या मिनेसोटाकर कुटुंबांची उत्तरेकडे तळ्याकाठी केबिन असते, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलांकडे आलेली. उन्हाळ्यातल्या शुक्रवारी दुपारी उत्तरेचे रस्ते भरून जातात ते या केबिनवाल्यांच्या गाड्यांनी. ज्यांचे आजोबा सांगलीला किंवा परभणीला होते, त्यांना तळ्याचा काठ मिळतो तो स्टेट पार्कात. नुसते आपलेच लोक नव्हेत. सोमाली कुटुंबं येतात, ह्मोंग कुटुंबं येतात, गोदामात पाळीवर काम करणारी मेक्सिकन कुटुंबं येतात. तंबू सगळ्यांचे सारखेच दिसतात.

पुण्या-मुंबईहून अमेरिकेच्या सहलीला येणारे यलोस्टोन बघतात, ग्रँड कॅन्यन बघतात. ती राष्ट्रीय उद्यानं, केंद्र सरकारची. स्टेट पार्क बघायला कोणी मुद्दाम येत नाही. पण इथे राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी जे असतं ते स्टेट पार्क, आणि त्याबद्दल लिहायचं मनात होतं ते यासाठीच. हा काठ सार्वजनिक कसा राहिला आणि अजून कसा टिकून आहे, याची कथा तिथल्या निसर्गाइतकीच मोठी आहे.

सुरुवात इटास्कापासून करायला हवी. मिनिआपोलिसहून साडेतीन-चार तास उत्तरेला, पार्क रॅपिड्स या गावाच्या पुढे हे उद्यान लागतं. ३२,००० एकरांहून अधिक जंगल आणि त्यात शंभरावर लहानमोठी तळी. यातल्या इटास्का तळ्याच्या उत्तर टोकातून मिसिसिपी नदी निघते. निघते तेव्हा ती पाचसहा मीटर रुंद आणि गुडघाभर खोल असते. तळं आणि नदी यांच्यामध्ये दगडांची एक ओळ आहे. तिच्यावरून लोक हात पसरून तोल सांभाळत पलीकडे जातात, लहान मुलं मुद्दाम घसरतात. शेजारच्या लाकडी खांबावर कोरलंय की समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर इथे नदी वाहू लागते आणि २,५५२ मैल वळणं घेत मेक्सिकोच्या आखातात जाते. तिथून ती आधी दक्षिणेला जात नाही. उत्तरेला बेमिजीच्या तळ्यापर्यंत जाते, मग पूर्वेला, आणि मग मोठा वळसा घेऊन खाली वळते.

एका उन्हाळ्यात आमच्याबरोबर नाशिकच्या एक आजी होत्या, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. त्र्यंबकेश्वर त्यांना अंगणासारखं परिचयाचं. त्यांनी आधी विचारलं, "इथे कुंड कुठंय?" कुंड नाही, देऊळ नाही, फुलवाला नाही, हे ऐकून त्यांना जरा चुकल्यासारखं झालं. मग चप्पल काढून त्या पाण्यात उतरल्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि दगडांच्या ओळीकडे बघत मुलाला म्हणाल्या, "हे दगड कुणीतरी मांडलेत रे. आपोआप असे बसत नाहीत."

बरोबर होतं त्यांचं. १९३० च्या दशकापर्यंत तळ्याच्या या टोकाला दलदल होती आणि नदी तिच्यातून पसरट, अस्ताव्यस्त वाट काढत होती. महामंदीत रूझवेल्ट सरकारने बेरोजगार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर, म्हणजे सीसीसी, सुरू केलं. १९३३ ते १९४२ या काळात सुमारे तीस लाख तरुण त्यात राबले. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ थेट घरी पाठवले जात. या पोरांनी इथली दलदल बुजवली, प्रवाहाला नीट पात्र करून दिलं, तळ्याच्या तोंडाशी बांध घातला आणि त्यावर हे दगड बसवले. त्याच तुकड्यांनी १९३४ मध्ये बांधलेली एक लाकडी झोपडी तळ्याच्या काठी अजून उभी आहे. तिच्या पाइनच्या ओंडक्यांचा घेर एवढा की भिंत उभी करायला चारच ओंडके पुरलेत.

दगड मांडलेले आहेत हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. म्हणजे खरा उगम नव्हेच का, असं विचारतात. मला उलट त्या दगडांबद्दल फार जिव्हाळा वाटतो. घरी चूल पेटावी म्हणून महिन्याच्या पगारातले पाच डॉलर स्वतःला ठेवणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी ते उचलून आणलेत. देशभरातल्या कितीतरी स्टेट पार्कांतल्या पायवाटा, दगडी निवारे, पूल, पोहण्याचे काठ याच मुलांच्या हातचे आहेत. नव्वद वर्षं झाली, लोक अजून त्यांच्यावरून चालताहेत.

पण मुळात जंगल उरलं म्हणून दगड मांडता आले, आणि जंगल उरलं ते जेमतेम. १८३२ मध्ये हेन्री स्कूलक्राफ्ट या सरकारी अधिकाऱ्याला ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्याने या तळ्यावर आणलं. ओजिब्वे लोकांना तळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्यांच्या भाषेत त्याला नावही होतं. स्कूलक्राफ्टने लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून इटास्का हे नाव दिलं आणि तेच नकाशावर राहिलं. १८५५ च्या तहाने या भागातली प्रचंड जमीन ओजिब्वेंकडून अमेरिकन सरकारकडे गेली. आज आपण ज्याला सार्वजनिक काठ म्हणतो, त्याच्या मालकीच्या कागदात हे पहिलं पान आहे, आणि ते वगळून पुढची पानं वाचणं मला जमत नाही. व्हाइट अर्थ हे ओजिब्वेंचं राखीव क्षेत्र उद्यानाच्या जवळच आहे.

पुढे लाकूडतोड आली. पांढऱ्या आणि तांबड्या पाइनची उत्तरेची जंगलं काही दशकांत भुईसपाट होत चालली होती. त्यातच १८८१ मध्ये विलार्ड ग्लेझियर नावाच्या गृहस्थाने जाहीर केलं की मिसिसिपीचा खरा उगम इटास्कात नसून शेजारच्या एका तळ्यात आहे, आणि त्या तळ्याला स्वतःचं नावही देऊन टाकलं. वाद निकालात काढण्यासाठी १८८९ मध्ये जेकब ब्रॉवरने या भागाची मोजणी केली. ब्रॉवर मोजणीदार होता, इतिहास आणि पुरातत्त्वाचा अभ्यासक होता. उगमाचा वाद त्याने मिटवलाच, पण मोजणीसाठी फिरताना जे जंगल बघितलं ते वाचवायचं त्याच्या मनाने घेतलं. २० एप्रिल १८९१ रोजी मिनेसोटाच्या विधिमंडळात इटास्का स्टेट पार्कचा कायदा मंजूर झाला तो एका मताच्या फरकाने. त्या दिवशी एक आमदार घरी थांबला असता तर आज तिथे काय असतं, हा विचार तिथल्या दोन-अडीचशे वर्षांच्या पाइनखाली उभं राहून केला की अंगावर काटा येतो.

कायदा झाला तरी जमीन झाली नव्हती. उद्यानाच्या हद्दीतले मोठे तुकडे रेल्वे आणि लाकूड कंपन्यांच्या ताब्यात होते आणि ते सोडवण्यात ब्रॉवरचं उरलेलं आयुष्य गेलं. तोड चालूच होती. १९०३ मध्ये उद्यानाच्या आयुक्तांचं निधन झालं आणि त्यांची २४ वर्षांची मुलगी मेरी गिब्ज हिला त्या जागेवर नेमण्यात आलं. ओंडके वाहून न्यायला पाणी हवं म्हणून लाकूडवाल्यांनी तळ्याच्या तोंडाला धरण घातलं होतं. पाणी चढून काठची झाडं मरू लागली होती. मेरी दरवाजे उघडायला सांगायला गेली, तेव्हा तिला बंदुकीचा धाक दाखवण्यात आला. ती हटली नाही, पण तिचं पदही फार दिवस राहिलं नाही. आज उगमाजवळच्या पर्यटक केंद्राला तिचं नाव आहे. मुलांना घेऊन तिथे जाणाऱ्यांनी दुकानातून टोप्या घेण्याआधी तिची गोष्ट वाचून दाखवावी, एवढं सांगावंसं वाटतं.

आता तंबूंच्या वस्तीत येऊ, कारण सहलीचा बहुतेक वेळ तिथेच जातो आणि तिच्या रचनेकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. अमेरिकेतल्या जवळपास कोणत्याही स्टेट पार्कात जा, रस्ता एकेरी आणि गोल वळसा घेणारा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना तिरके फाटे, प्रत्येक फाट्यावर एक गाडी, गाडीपुढे मोठे दगड किंवा ओंडके आडवे, म्हणजे गाडी त्यापलीकडे जाऊच नये. टेबल, शेकोटी, तंबू यांच्या जागा ठरलेल्या. दोन जागांच्या मध्ये झुडपं राखलेली. या रचनेमागे एमिलिओ माइनेके नावाचा माणूस आहे, आणि तो वास्तुरचनाकार नव्हता. तो झाडांच्या रोगांचा तज्ज्ञ होता.

१९२० च्या दशकात मोटार स्वस्त झाली आणि लोक तंबू घेऊन जंगलात शिरू लागले, थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत गाडी नेऊन. कॅलिफोर्नियाच्या उद्यानांतले हजारो वर्षं जगणारे रेडवुड अशा जागी खंगताना दिसू लागले, तेव्हा माइनेकेला बोलावण्यात आलं. त्याने वर बघण्याऐवजी खाली बघितलं. चाकांनी आणि पावलांनी माती इतकी दाबली गेली होती की उथळ मुळांना हवा-पाणी मिळेना. झाडाला कीड लागलेली नव्हती. झाडावर प्रेम करणाऱ्यांची वर्दळ त्याला मारत होती. १९३२ मध्ये त्याने तंबूतळांच्या रचनेचं धोरण लिहून काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं. लोकांना जंगलात येऊ द्या, पण त्यांची चाकं आणि पावलं कुठे पडतील हे आधीच ठरवून ठेवा. लगेच पुढच्या वर्षी सीसीसी सुरू झालं, हात मिळाले आणि ही रचना देशभर पसरली. आपण टेबल सरकवायला जातो आणि ते साखळीने बांधलेलं निघतं, तेव्हा त्यामागे माइनेकेचं हे निरीक्षण असतं.

संध्याकाळी या वळशावर एक फेरी मारावी. जूनअखेर इथे सूर्य मावळायला साडेनऊ होतात. सायकलींवर पोरं गोल गोल फिरत असतात. कुठे कूलर उघडा, कुठे कुत्र्याला पाणी दिलेलं, कुठे तंबू उभा करताना नवरा-बायकोची हमरीतुमरी. मराठी गट वासावरून सापडतो. गॅसच्या छोट्या शेगडीवर कांदा परतला जात असतो. भाजणीचा डबा, दाण्याचा कूट, लसणाची चटणी आणि छोटा कुकर हे सामान गाडीत पहिलं चढतं. शेकोटीवर मार्शमेलो भाजणं हा मुलांचा हक्क, पण नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, त्यामुळे शाकाहारी घरांतल्या आया बिनजिलेटिनचे हुडकून आणतात. ऑगस्टमध्ये मिनेसोटाचं गोड कणीस आलं की मग मार्शमेलोकडे कोणी बघत नाही. निखाऱ्यावरचं कणीस, लिंबू, तिखट-मीठ. शेजारच्या तंबूतले लोक मान वळवून बघतात, आणि मग त्यांनाही दोन कणसं जातात.

जेवणानंतर मात्र कामाची पाळी. या जंगलात काळी अस्वलं आहेत, म्हणून खाण्याची प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, गाडीत बंद करायची. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. पिण्याच्या नळाखाली भांडी घासायची नाहीत. झोपण्यापूर्वी मुलांचे कान, काखा, गुडघ्यामागची घडी बघायची, कारण गवतातून गोचीड चढतात आणि त्यांतल्या बारक्या जातीच्या गोचिडीमुळे लाइम रोग होऊ शकतो. डासांबद्दल काही लिहीत नाही. त्यांना ज्याने त्याने भोगावं.

रात्री दहानंतर शांतता, हा नियम. अंताक्षरी ऐन रंगात आलेली असताना तो पाळणं आपल्या लोकांना जड जातं, हे खरं आहे. पण पाळतात. पाळला नाही तर कॅम्प होस्ट येतो. ही बहुतेकदा निवृत्त माणसं असतात, हंगामभर आपली गाडी लावून तिथेच राहतात आणि विनामोबदला राखण करतात. ते येतात तेही हळू आवाजात बोलतात. आणि मग त्या शांततेत तळ्यावरून लून पक्षी ओरडतो. हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. पहिल्यांदा ऐकणारं मूल दचकून आईला बिलगतं, कारण तो आवाज रडण्यासारखाही वाटतो आणि हसण्यासारखाही. दहा वाजता गाणं थांबलं नसतं तर तो ऐकूच आला नसता.

हे लिहिताना मावळातलं पवनेचं धरण डोळ्यांपुढे येतं. तिथेही तंबू आहेत, शनिवारी शेकड्यांनी. स्थानिक तरुणांना त्यातून मिळकत होते आणि ती व्हायलाच हवी. धरणाखाली जमिनी त्यांच्याच बापजाद्यांच्या गेल्या आणि पुनर्वसनासाठी त्यांनी कित्येक दशकं वाट पाहिली. पण किती तंबू, पाण्यापासून किती अंतरावर, मैला कुठे जातो, ध्वनिवर्धक किती वाजता बंद, याची व्यवस्था अजून फार तोकडी आहे. पिंपरी-चिंचवड ज्या पाण्यावर जगतं त्याचा तो काठ आहे. मावळातल्या पोरांनाच रखवालदार, वाटाडे, व्यवस्थापक म्हणून नेमून तिथे असं उद्यान उभं राहू शकतं, असं मला मनापासून वाटतं.

सार्वजनिक म्हटलं की सगळे आलेच, असं अमेरिकेतही नव्हतं. व्हर्जिनिया राज्याची पहिली सहा स्टेट पार्क १५ जून १९३६ रोजी एकाच दिवशी उघडली, पण ती गोऱ्यांसाठी. त्यांतल्या स्टँटन रिव्हर उद्यानात प्रवेश नाकारला म्हणून एका कृष्णवर्णीय बँकरने १९४८ मध्ये दावा लावला. राज्याने ते उद्यान त्याला उघडलं नाही. त्याऐवजी दुसरीकडे, प्रिन्स एडवर्ड तळ्याकाठी, १९५० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळं उद्यान काढलं. त्या तळ्याच्या शेजारीच आणखी एक तळं होतं, गोऱ्यांचं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही वाटणी संपली आणि पुढे दोन्ही तळी मिळून एकच उद्यान झालं. आज त्याचं नाव ट्विन लेक्स. आपण सावळ्या चेहऱ्यांनी निर्धास्तपणे कोणत्याही काठावर तंबू ठोकतो, ती मोकळीक दुसऱ्या कोणीतरी कोर्टात आणि रस्त्यावर भांडून मिळवलेली आहे. चवदार तळ्याच्या मुलखातून आलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

पाण्याबद्दल थोडं कठोरपणे लिहावं लागेल. आपल्यातल्या अनेकांना पोहता येत नाही, आणि तळं फसवं असतं. काठाला कंबरभर पाणी असतं आणि चार पावलांवर तळ एकदम खाली जातो. हिमनद्यांनी कोरलेल्या तळ्यांचा तळ असाच असतो. स्टेट पार्कांच्या काठांवर सहसा जीवरक्षक नसतो. मिनेसोटात चालत्या नावेत दहा वर्षांखालच्या मुलाने लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मी म्हणेन, पोहता न येणाऱ्या बापानेही घालावं. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून काढू नये.

नदीकाठचा तंबू ही आणखी वेगळी गोष्ट. तळं रात्रीतून फारसं बदलत नाही, नदी बदलते. ११ जून २०१० च्या पहाटे आर्कान्सामधल्या अल्बर्ट पाइक या वनविभागाच्या तंबूतळावर लिटल मिझूरी नदी चढली आणि झोपेतली २० माणसं गेली. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्ससमध्ये ग्वाडलूप नदीची पातळी पाऊण तासात सुमारे २६ फूट वाढली. काठावर मुलींचं शिबिर होतं, सुट्टीला आलेल्यांच्या गाड्या होत्या. त्या खोऱ्यात शंभराहून अधिक माणसं दगावली. ही दोन्ही ठिकाणं स्टेट पार्क नव्हती, पण नदी फलक वाचून वाहत नाही. आणि ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते चित्रीकरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी वर, पाणलोटात, पाऊस पडलेला असू शकतो. नदीकाठी जागा घेतली तर उजेड आहे तोवर उंचावर जाणारी पायवाट बघून ठेवावी, हवामानखात्याच्या इशाऱ्यासाठी रेडिओ जवळ ठेवावा, आणि जिथे फोनला रेंज नाही तिथे तर नक्कीच. पाण्याला अगदी लागून असलेल्या जागेसाठी मार्चमध्ये धडपडणाऱ्यांना माझं हे सांगणं आवडत नाही. मी सांगत राहीन.

इटास्कात पुन्हा एकदा झाडांकडे यायला हवं, कारण तिथे आज एक अडचण उभी आहे. जंगल वाचवायचं म्हणून शंभर वर्षांपूर्वी वणवे विझवायला सुरुवात झाली. पण तांबड्या पाइनच्या रोपाला उघडी, जळून मोकळी झालेली माती लागते. आग थांबली तशी नवी रोपं थांबली. लांडगे मारले गेले, हरणं वाढली आणि जी रोपं उगवली त्यांचे शेंडे हरणांनी खाल्ले. परिणाम असा की आजोबांच्या वयाचे वृक्ष भरपूर आणि नातवंडं विरळ. म्हणून आता वनखातं स्वतः, वारा आणि ओल पाहून, ठरवून आगी लावतं. आणि पानगळीच्या दिवसांत हरणं शेंडे खुडू नयेत म्हणून पांढऱ्या पाइनच्या रोपांच्या शेंड्यांना कागदाच्या टोप्या स्टेपल केल्या जातात. एकेका रोपाला, हाताने. स्वयंसेवक ते काम करतात, मुलंही करू शकतात.

सरपणाचा नियम याच काळजीतून आलेला. घरामागे पडलेली लाकडं गाडीत घालून नेता येत नाहीत, मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात. नव्याने येणाऱ्यांना हा विक्रीचा डाव वाटतो. पण २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेला पाचूसारखा हिरवा एक परदेशी भुंगा अशा सरपणातून राज्याराज्यांत पोचला आणि त्याने अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली. मिनेसोटात तो २००९ मध्ये आला. उत्तरेच्या दलदलींत काळा अ‍ॅश भरपूर आहे आणि त्याच्या पट्ट्यांपासून ओजिब्वे कारागीर टोपल्या विणतात. चार ओंडक्यांचे पैसे वाचवायच्या नादात काय जाऊ शकतं, ते यावरून कळावं.

या सगळ्याला पैसा लागतो आणि तो कुठून येतो हा मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. नोव्हेंबर २००८. बँका कोसळत होत्या, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, घरं जप्त होत होती. त्याच निवडणुकीत मिनेसोटाच्या मतदारांपुढे राज्यघटनेतली एक दुरुस्ती होती: पाणी, जंगलं, उद्यानं आणि कला यांच्यासाठी विक्रीकर तीन अष्टमांश टक्क्याने वाढवायचा का? लोकांनी हो म्हटलं. स्वतःवर, पंचवीस वर्षांसाठी, मंदीच्या तोंडावर. त्या पैशातला १४.२५ टक्के वाटा उद्यानं आणि पायवाटांना जातो. ज्यांनी आयुष्यात तंबू ठोकलेला नाही अशांसाठी राज्याचं निसर्गसंपदा खातं शिकवणीचे कार्यक्रम चालवतं. तंबू, गादी, शेगडी सगळं तेच देतं, शेकोटी पेटवायला शिकवतं आणि रात्र सोबतीने काढायला मदत करतं. नव्याने आलेल्या कितीतरी कुटुंबांची पहिली रात्र अशी सुरक्षित झाली आहे.

ही मुदत २०३४ मध्ये संपते. वाढवायची तर पुन्हा मतदारांपुढे जावं लागेल. अमेरिकेत किराणा आणि कपड्यांवर कर न लावणारी काही राज्यं आहेत, त्यांत मिनेसोटाही आहे; पण तंबू, स्लीपिंग बॅग, कूलर, लाइफ जॅकेट यांवर कर बसतो. म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी असलेली मराठी माणसंही दर उन्हाळ्यात हा कर भरत आली आहेत, मताचा हक्क नसताना. नागरिकत्व मिळालेल्यांना तो आहे. आणि आज ज्यांच्यासाठी मार्चमध्ये सकाळी आठला जागा राखली जाते, ती इथे जन्मलेली दहा-बारा वर्षांची मुलं तोवर मतदार झालेली असतील. मंडळाच्या गणपतीत, संक्रांतीच्या कार्यक्रमात या दुरुस्तीबद्दल आतापासून बोललं जावं, तिचा कागद लोकांना वाचायला द्यावा. १८९१ मध्ये फरक एका मताचा होता.